साथ आली की कामगाराला कोणता कायदा वाचवतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाऊ ठेकेदारामार्फत एका खासगी रुग्णालयात वॉर्डबॉय होता. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्याला करोना झाला आणि तो चोवीस दिवस घरी होता. त्या दिवसांचा पगार कापला गेला. बरा होऊन कामावर गेला तर ठेकेदाराने ‘जागा भरली’ म्हणून गेटवरूनच परत पाठवलं. आता तो दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या ठेकेदाराकडे तेच काम करतो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तेव्हा काही करता आलं असतं का? आणि उद्या पुन्हा अशी साथ आली तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहील का?

सव्वीस वर्षं मी कामगार न्यायालयात वकिली करतो आहे, बहुतेक वेळा कामगारांकडून, कधीमधी मालकांकडूनही. माझा अनुभव असा की साथीच्या दिवसांत लोक साथीच्या कायद्यात संरक्षण शोधतात, आणि ते तिथे नसतं. ते असतं रोजच्या, कंटाळवाण्या कामगार कायद्यात, ज्याच्याकडे साथ नसताना कुणी ढुंकूनही बघत नाही.

साथरोग कायदा १८९७ चा. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि इंग्रज सरकारने घाईघाईने चार-पाच कलमांचा हा कायदा केला. सरकारला काय काय करता येईल, आदेश मोडला तर शिक्षा काय, आणि कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, एवढंच त्यात होतं. मजुराबद्दल अक्षर नाही. गंमत म्हणजे त्या प्लेगात गिरणी कामगारांना थोडं बळ मिळालं ते कायद्यामुळे नाही, पळून गेल्यामुळे. माणसं कोकणात आणि घाटावर निघून गेली, गिरण्या ओस पडायला लागल्या, तेव्हा मालकांना रोजच्या रोज मजुरी देऊन, नाक्यावर बोली लावून माणसं मिळवावी लागली. २०२० मध्ये नेमकं उलटं झालं. काम बंद, गाडी बंद, आणि पळायलाही वाट नाही. जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली गेले, हे आपल्या मराठवाड्यातच घडलं.

या जुन्या कायद्यात २०२० साली एक भर पडली, आणि ती तुमच्या भावाच्या कामाची आहे. साथीच्या काळात आरोग्यसेवकावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. गंभीर दुखापत केली तर सहा महिने ते सात वर्षं आणि एक ते पाच लाख. गुन्हा अजामीनपात्र. तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत संपवायचा. व्याख्या रुग्णाच्या थेट संपर्कात येऊन धोका पत्करणाऱ्या माणसाभोवती बांधलेली आहे. त्यामुळे डॉक्टर-नर्सबरोबर वॉर्डबॉय आणि आशाताईही त्यात बसतात. साथ नसतानाही महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांचा कायदा आहेच. पण लक्षात घ्या, हे संरक्षण नातेवाइकाच्या काठीपासून आहे. ठेकेदाराच्या वहीपासून नाही.

आता पगाराचं. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की टाळेबंदीत आस्थापना बंद असली तरी कामगारांना ठरल्या तारखेला, कपात न करता पगार द्यायचा. त्या आठवड्यात माझा फोन बंद होत नव्हता. कामगारांना वाटलं प्रश्न सुटला. मी तेव्हाही सांगत होतो की आदेश हातात आहे, पण त्याच्यावर घर बांधू नका. कारण एका खासगी मालकाने दुसऱ्या खासगी माणसाला पैसे द्यावेत, असं या कायद्याखाली सरकार सांगू शकतं का, हाच वादाचा मुद्दा होता. झालंही तसंच. १७ मे च्या आदेशाने ते सगळं मागे घेतलं गेलं, म्हणजे एकूण पन्नास दिवसांचं आयुष्य. १२ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने फायकस पॅक्स या कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की त्या पन्नास दिवसांच्या पगारावर मालक-कामगारांनी आपसात बोलणी करावीत, नाही जमलं तर कामगार खात्याकडे समेटाला जावं, आणि तोवर मालकांवर सक्तीची कारवाई नको. बोलणी! ज्याच्या घरात रेशन संपलं आहे त्याची आणि ज्याच्या हातात गेटची किल्ली आहे त्याची बोलणी कशी होत असतील, हे सांगायला नको.

तरी त्याच महिन्यांत औरंगाबाद खंडपीठाने दोन आदेश दिले, ते मी अजून अर्जांत जोडतो. ३० एप्रिलला एका कंपनीच्या याचिकेत न्यायालय म्हणालं की प्रवासभत्ता आणि जेवणभत्ता वगळून बाकी पगार द्या, पण जिथे टाळेबंदी उठली आहे तिथे कामगाराने हजर व्हायला हवं, आपणहून गैरहजर राहिला तर कपात होऊ शकते. दुसरा १२ मे चा. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात ठेकेदारांमार्फत काम करणाऱ्या मजुरांचा प्रश्न होता. मंदिर बंद, मग काम नाही, मग पगार नाही, असा हिशोब लागत होता. ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व अशा असाधारण परिस्थितीत लावता येणार नाही, असं प्रथमदर्शनी मत खंडपीठाने नोंदवलं आणि पगार मिळेल हे बघायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं, कारण मंदिर संस्थानचे अध्यक्ष तेच. हा अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. तो ब्रह्मवाक्य म्हणून वापरू नये. पण ठेकेदाराच्या माणसालाही तेच न्यायाचं माप लागतं, हे त्यातून दिसतं.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी ले-ऑफची, म्हणजे काम नसल्याने तात्पुरतं घरी बसवल्याची, नुकसानभरपाई होती आणि २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे: मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर ती लागू नाही. यात एक जुनी अट आहे की ले-ऑफवरच्या कामगाराने दिवसातून एकदा ठरल्या वेळी गेटवर हजेरी द्यायची, नाही तर भरपाई नाही. गिरणीच्या भोंग्याच्या काळात ती ठीक होती. २०२० च्या एप्रिलमध्ये गेटवर हजेरी द्यायला निघालेला माणूस चौकात पोलिसांच्या काठीखाली सापडत होता. एका प्रकरणात मालकाच्या वकिलाने मला हीच अट दाखवली. आम्ही संचारबंदीचा आदेश जोडला आणि कामगारांनी व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सुपरवायझरला पाठवलेले ‘हजर आहे, बोलवा’ असे मेसेज दाखवले. दोन वाक्यांचे मेसेज, पण ते रोजचे होते.

जादा तासांबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतली. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये अधिसूचना काढून कारखान्यांत बारा तासांची पाळी चालू केली, आणि जादा तासांना दुप्पट नव्हे तर साध्याच दराने पगार. आधार घेतला कारखाने कायद्यातल्या ‘सार्वजनिक आणीबाणी’च्या कलमाचा. १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने ती रद्द केली. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे देशाची सुरक्षाच धोक्यात येते तेव्हाचं ते कलम. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी त्यात बसत नाही, असं सांगून जादा कामाचे पैसे द्यायलाही लावले. म्हणून उद्या कुणी ‘इमर्जन्सी आहे, ओव्हरटाइम विसरा’ म्हणालं तर हा निकाल लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण याच्याबद्दल कुणी बोलत नाही. कामावर असताना यंत्रात हात गेला की तो अपघात, हे सगळ्यांना कळतं. पण कामामुळे झालेला संसर्गही कायद्याच्या दृष्टीने अपघातच असू शकतो. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याला तिसरी अनुसूची आहे. तिच्या ‘अ’ भागातली पहिलीच नोंद बघा: संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेले संसर्गजन्य रोग. दवाखाना आणि प्रयोगशाळेतलं काम तिथे नाव घेऊन आहे, आणि शेवटी ‘विशेष धोका असलेलं इतर काम’ असंही. अशा कामावर असताना असा रोग झाला तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. हे फार मोठं आहे. विषाणू नेमका कुठून आला हे कोण सिद्ध करणार? तुमचा भाऊ करू शकत नाही. पण कायदा म्हणतो, त्याने करायचंच नाही. ‘ब’ भागातल्या रोगांना सहा महिन्यांच्या सलग नोकरीची अट आहे. ‘अ’ला तीही नाही, नोकरीचा तिसरा आठवडा असला तरी चालतो.

पैशात सांगतो. पगार कितीही असला तरी या हिशोबात महिना पंधरा हजारांपर्यंतच धरायचा, अशी मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे. चाळीस वर्षांचा वॉर्डबॉय गेला, तर पंधरा हजारांचे निम्मे साडेसात हजार, गुणिले त्या वयाचा गुणक १८४.१७, म्हणजे १३ लाख ८१ हजार २७५ रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि कारण योग्य नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. अर्ज दोन वर्षांत. साथ ओसरल्यावर लोक सरकारच्या पन्नास लाखांच्या विम्यामागे धावले, पण हा हक्काचा अर्ज करणारी घरं माझ्याकडे बोटांवर मोजण्याइतकी आली.

त्या विम्याची कहाणीही ऐका. पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेजखाली ३० मार्च २०२० पासून आरोग्यसेवकांना पन्नास लाखांचं कवच होतं. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरच्या पत्नीचा दावा, ‘सरकारने त्यांची सेवा मागवली नव्हती’ म्हणून उच्च न्यायालयात २०२१ साली टिकला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येकाच्या हातात वेगळं मागणीपत्र असायलाच हवं असं नाही, पुरावा पाहून ठरवा. माणूस गेला, निर्णय यायला पाच वर्षं. म्हणून मी योजनांवर कमी आणि कायद्यावर जास्त भर देतो. योजनेची मुदत संपते. अनुसूचीतली ती नोंद कुठल्याही साथीची वाट न बघता तिथेच बसून असते.

एक खबरदारी. तुमच्या भावाची ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापली जात असेल, म्हणजे पगार एकवीस हजारांच्या आत असेल आणि कार्ड असेल, तर भरपाई कायद्याचा रस्ता बंद होतो. दोन्हीकडून घेता येत नाही. पण ईएसआयचा रस्ता वाईट नाही. तिथेही व्यवसायजन्य रोगांची तशीच यादी आहे, आणि कामामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सरासरी पगाराच्या नव्वद टक्क्यांच्या हिशोबाने दरमहा पेन्शन. साध्या आजारपणासाठीही, आधीच्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो. आणि या कायद्याचं त्र्याहत्तरावं कलम मला फार प्रिय होतं: कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला काढता येत नव्हतं, दंड करता येत नव्हता, आणि त्या काळात दिलेली काढल्याची नोटीस निरर्थक ठरत होती.

तुमच्या भावाचं घोडं इथे पेंड खातं. तो चोवीस दिवस घरी होता, पण ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र घेतलं होतं का? तुम्ही ‘गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या’ असं लिहिलंय, त्यावरून घेतलं नसावं. मग कागदावर तो आजारी नव्हताच, गैरहजर होता. विलगीकरणासाठी वेगळी पगारी रजा देणारा कायमचा कायदा आपल्याकडे नाही. जे काही मिळतं ते त्या प्रमाणपत्राच्या वाटेनेच.

ठेकेदार पळाला तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. मजुरी ठेकेदाराने दिली नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम चालतं त्या मूळ मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या संहितेत आहे. भरपाईलाही मूळ मालक जबाबदार, ईएसआयच्या वर्गणीलाही आधी तोच. त्यामुळे नोटीस कायम दोघांच्या नावे काढायची. रुग्णालयाचं नाव वरती. ठेकेदाराची फर्म साथ संपेपर्यंत टिकेल की नाही सांगता येत नाही, इमारत मात्र कुठे जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि मी वर घेतलेली बरीच नावं इतिहासजमा झाली. घाबरून जाऊ नका. संसर्गाच्या रोगांची ती नोंद सामाजिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत तशीच आली आहे. थकलेल्या वेतनाचा दावा करायला आधी बारा महिने मिळत, आता तीन वर्षं मिळतात, ही चांगली गोष्ट. कामावर जिवाला धोका वाटला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क सुरक्षा संहितेत आहे. पीपीई किट नसेल तर हा अर्ज करायचा, तोंडी भांडायचं नाही. पण ले-ऑफ, कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा तीनशे कामगारांवर गेली आहे, ही वाईट. शिवाय महामारीत पीएफ-ईएसआयची वर्गणी एका वेळी तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलायचा किंवा कमी करायचा अधिकार सरकारने घेतला आहे. २०२० च्या मे ते जुलैमध्ये पीएफ बारावरून दहा टक्के झाला होता ते आठवत असेल. हातात दोन पैसे जास्त आले म्हणून लोक खूश झाले, मालकाचाही वाटा घटला हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. डिलिव्हरीच्या मुलांना संहितेने नाव दिलं आहे, पण आजारी पडल्यावर पगाराची हमी दिलेली नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर, आणि ते कडू आहे. २०२१ मध्ये भावाला काढलं त्याबद्दल अनुचित कामगार प्रथांची तक्रार नव्वद दिवसांत करायची होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्या मुदतींतून वगळला होता, ती सवलत धरूनही तो दिवस केव्हाच गेला. बडतर्फीचा वाद थेट न्यायालयात न्यायची तीन वर्षंही संपली, कापलेल्या पगाराचीही मुदत संपली. चोवीस दिवसांच्या आजाराची भरपाई उशीर माफ करून मागता येईल, पण तात्पुरत्या अक्षमतेची रक्कम इतकी थोडी येते की वकिलाची फी सुटणार नाही. मी तुमच्याकडून ती केस घेणार नाही आणि दुसरा कुणी घेत असेल तर दोनदा विचार करा.

एक गोष्ट मात्र बघा. भावाचा यूएएन नंबर (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) टाकून पीएफचं पासबुक काढा आणि २०२०-२१ चे महिने तपासा. ठेकेदाराने पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही, असं मला त्या काळातल्या कितीतरी माणसांच्या बाबतीत दिसलं आहे. पीएफच्या थकबाकीच्या चौकशीला त्या कायद्यात मुदतीची अट नव्हती. पगाराची एखादी पावती किंवा बँकेची नोंद असेल तर विभागीय कार्यालयात तक्रार द्या, रुग्णालयाचं नाव घालून.

आणि आताच्या नोकरीसाठी, साथ नसताना, याच आठवड्यात त्याला एवढं करायला सांगा. हजेरीच्या मस्टरचा फोटो दर महिन्याला काढायचा, वॉर्डचं नाव दिसेल असा. ड्युटीचा तक्ता मोबाइलवर आला तर पुसायचा नाही. ओळखपत्रावर ठेकेदाराचं आणि रुग्णालयाचं, दोन्ही नावं आहेत का बघायचं. आधारवरचं आणि मस्टरवरचं नाव जुळतं का बघायचं. माझ्याकडे एका सफाई कामगार बाईंच्या मुलाचं प्रकरण होतं. आईचं नाव मस्टरवर माहेरचं, आधारवर सासरचं. ती करोना वॉर्डात होती हे सगळं रुग्णालय जाणत होतं, पण साक्षीला कुणी येईना. शेवटी मिळाली ती जैविक कचऱ्याच्या पिशव्यांची वही, रोज किती पिवळ्या पिशव्या खाली नेल्या त्याची, आणि प्रत्येक ओळीपुढे तिची सही. माहेरच्या नावाची. बँकेतही तीच सही होती. प्रकरण त्या वहीवर निभावलं.